डावीकडे सहा बोटं

"मनुष्यजातीचा सगळा इतिहास म्हणजे घर सरळ उभं करण्याचा इतिहास आहे. माणूस गुहेतून बाहेर पडला तो हातात ओळंबा घेऊनच. राज्यं आली, राज्यं बुडाली, पण भिंत काटकोनात असावी याबद्दल आजवर कुणाचं दुमत झालेलं नाही."

एवढं बोलून मी पाण्याचा पेला उचलला आणि दुसऱ्या हातातली रक्तदाबाची गोळी क्षणभर टेबलावर ठेवली. गोळी निघाली. टेबलाच्या डाव्या कडेवरून तिने उडी मारली, जमिनीच्या फळ्यांवर पडली, तिथूनही डावीकडेच गेली आणि कपाटाखाली शिरली.

"तिथे आणखी तीन आहेत," भाऊजी म्हणाले. "त्या माझ्या. तुझी पांढरी ना? ओळखू येईल."

माझं भाषण तिथेच संपलं. तयारी मात्र मी अर्ध्या तासाची केली होती.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. चाळीस वर्षं त्यांनी कपाटं, पलंग आणि टेबलं केली. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी कारखाना विकला आणि एक जुना ट्रक घेतला. ट्रक एका गादीवाल्याचा होता. वर तीन हात निळा रंग फासला तरी उन्हात बाजूची अक्षरं अजून वर येतात: 'शांत झोप, घरपोच'. या ट्रकमध्ये भाऊजींनी घर बांधलं. पलंग, ओटा, टेबल, दोन कपाटं, ताईच्या उंचीला बेतलेली खिडकी, आणि चालकाच्या खोलीतून घरात बघायला हातभर लांबीचा एक झरोका. अकरा वर्षं दोघं त्यात राहिली. आज इथे, महिन्याने तिथे. ताई म्हणायची, "लोक म्हातारपणी घराला चिकटतात. आमचं घरच आम्हाला चिकटलंय, जाईल तिथे मागे येतं."

या घरात एकच खोट होती. ते वाकडं होतं.

त्याचं असं झालं. भाऊजींनी सगळं काम आपल्या कारखान्याच्या अंगणात, ट्रक उभा करून केलं. ते अंगण गटाराकडे उतरतं होतं. पण चाळीस वर्षं त्याच उतारावर उभं राहून भाऊजींच्या पायांना आणि डोळ्यांना तो उतारच सपाट वाटायला लागला होता. पाणसळीचा बुडबुडा नळीत मधोमध आला की सुताराच्या दृष्टीने जग सरळ असतं. त्यांनी प्रत्येक फळीवर पाणसळ ठेवली, प्रत्येक वेळी बुडबुडा मधोमध आणला, आणि कललेल्या ट्रकच्या पोटात एक निर्दोष सरळ घर बसवलं. मग किल्ली फिरवून ट्रक सपाट रस्त्यावर आणला. त्या क्षणापासून ट्रक सरळ झाला आणि घर वाकडं. डावीकडे सहा बोटं खाली.

पहिल्या मुक्कामी ताई टेबलाशी वाटाणे सोलायला बसली. वाटाणे एका ओळीत डावीकडे निघून गेले. ताई अर्धा तास हसत होती. भाऊजी दोन दिवस बोलले नाहीत. कारागिरांची टेबलं केसभर वाकडी निघाली म्हणून परत पाठवणारा माणूस तो. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सगळं उखडतो आणि पुन्हा बसवतो."

"काही उखडायचं नाही," ताई म्हणाली.

"अगं, माझ्या पाणसळीने दगा दिला."

"पाणसळ खरंच बोलली. जमीन खोटं बोलली. आणि तुम्ही बायकोला न विचारता दोघींवर विश्वास ठेवलात."

मग ताईनेच उपाय काढला. भाऊजींनी पक्क्या लाकडाचे दोन उतरते ठोकळे केले. मुक्कामाला पोचलं की ते डाव्या बाजूच्या दोन चाकांपुढे ठेवायचे. भाऊजींनी गाडी हळूहळू त्यांवर चढवायची. ताईने आत टेबलाशी बसायचं. टेबलावर काचेचं वाडगं, त्याला आतून सभोवार लाल रेघ, रेघेपर्यंत पाणी. पाणी सगळीकडून रेघेला टेकलं की घर सरळ. चाकाशी बसलेल्या माणसाला वाडगं दिसत नाही आणि वाडग्याशी बसलेल्याला चाक दिसत नाही, तेव्हा मधल्या झरोक्यातून ताई बोलायची. त्यांच्याकडे राहायला गेलो की संध्याकाळी हे ऐकणं हीच माझी करमणूक.

"घ्या पुढे. घ्या. घ्या हो, घाबरताय काय, ट्रक आहे, जावई नाही. अजून थोडं... अहो, तेवढं नव्हे! मागे या. तुमचं थोडं म्हणजे दुसऱ्याचं गाव. हां. हां. थांबा. आता मी माणसात आले."

'माणसात आले' म्हटलं की भाऊजी गाडी बंद करायचे. अकरा वर्षं, प्रत्येक मुक्कामी. मी एकदा ताईला म्हणालो, "अगं, किती कटकट ही. करू दे की त्यांना दुरुस्त." ती म्हणाली, "वेडा आहेस. बायकोला विचारल्याशिवाय सरळ होत नाही असं घर बांधलंय त्यांनी. इतकं चांगलं काम त्यांच्या हातून आयुष्यात झालं नाही."

चार महिन्यांपूर्वी ताई गेली. आजार पंधरा दिवसांचा. तेव्हापासून ट्रक शहराबाहेर एका वजनकाट्याच्या मैदानात उभा आहे. इथे मालाचे ट्रक काट्यावर चढून वजन करून जातात, त्यामुळे मैदान घोटून सपाट केलेलं. काटेवाला भला माणूस आहे. कोपऱ्यात नळाशेजारी जागा दिली, आणि कधी हलवणार हे विचारलं नाही. मला म्हणाला, "बाईंचं वजन तेवढं शेवटपर्यंत कळलं नाही हो. काट्यावर गाडी आली की आधी खाली उतरायच्या. म्हणायच्या, माझा आकडा चव्हाट्यावर नको."

चार महिने गाडी ठोकळ्यांवर चढली नव्हती. घर वाकडंच होतं.

हे माझ्या भाचीला, म्हणजे भाऊजींच्या एकुलत्या एका मुलीला, मी जाण्याच्या दोन दिवस आधी कळलं. भाची लिफ्ट तपासते. म्हणजे इमारतीतल्या लिफ्टमध्ये शिरायचं, चारी कोपरे बघायचे आणि नापसंत पडली तर दाराला सील ठोकायचं, हा तिचा हुद्दा. ती ट्रकच्या तीन पायऱ्या चढून आत आली आणि सवयीने टेबलावर पेन्सिल ठेवली. पेन्सिल पडली. मग तिने बाकीचं पाहिलं. कपाटांची दारं सुतळीने बांधलेली. भाऊजींच्या डाव्या पायावर पट्टी. पातेल्यातलं उकळतं पाणी डाव्या काठावरून उतू गेलं आणि हे डावीकडेच उभे होते.

तिने मला फोन केला. "मामा, इतकी कललेली लिफ्ट मी एका मिनिटात बंद करते. यात माझा बाप राहतो."

"अगं, सवय झाली असेल त्यांना."

"सवय नाही ती. बाबांनी सोडून दिलंय सगळं. ज्या माणसाने जन्मात वाकडी फळी सहन केली नाही तो अशा घरात राहतो म्हणजे काय, ते मला कळतं. आज पाय भाजलाय. उद्या मला काटेवाल्याचा फोन यायला नको." मग म्हणाली, "रविवारी येते. घर सरळ दिसलं तर राहू देत. नाही तर ट्रक विकायचा आणि बाबा माझ्याकडे. तू आधी जा आणि समजाव. तुला बोलायला लागतं, तर बोल."

तिचं काही चुकलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. तर असा मी गुरुवारी हातात पिशवी आणि तोंडात भाषण घेऊन पोचलो होतो.

गोळी सापडली नाही. दुसरी घेतली आणि हातातच धरून ठेवली.

वाकड्या घरात राहायला दोन दिवसांत जमतं हे मी स्वानुभवाने सांगतो. कप अर्धा भरायचा. बशी घ्यायची नाही. चालताना उजवा पाय जरा वाकवायचा. भाऊजींचं सगळं नीट चाललं होतं, हीच माझी अडचण. मी सोडून दिलेला माणूस शोधायला आलो होतो; आणि हा माणूस सकाळी दाढी करत होता, चादर झटकत होता, बटण तुटलं तर लावत होता. फक्त ठोकळ्यांचा विषय काढला की बहिरा होत होता.

"भाऊजी, पायाला बरं नाही म्हणून चढवत नाही का? मी ठोकळे लावतो."

"आज वारा आहे."

"वाऱ्याचा काय संबंध?"

"संबंध कशाला लागतो? आहे एवढंच सांगितलं."

"वाडग्याशी मी बसतो. पाणी बघायला काय अक्कल लागते?"

"ती थोडी लागते," भाऊजी म्हणाले आणि चहा ठेवला. अर्धं पातेलं.

शुक्रवारी दुपारी मी शेवटचं अस्त्र काढलं. म्हणालो, "रविवारी ती येईल. घर सरळ नसलं तर ट्रक जाईल. तुम्ही तिच्याकडे, चौथ्या मजल्यावर. तिथे सगळं सरळच आहे, चिंता नाही. पण मग हे नाही." मी हाताने हे म्हणजे काय ते दाखवलं: ओटा, खिडकी, ताईची ओढणी अजून अडकवलेला खिळा.

त्यांनी खिळ्याकडे बघितलं. मग कळशी उचलून म्हणाले, "नळाला पाणी आलं असेल. तू पड जरा. तोंड दमलं असेल."

मी पडलो. पलंग ट्रकच्या लांबीत आहे. उताराच्या वरची उजवी बाजू भाऊजींची, खालची डावी ताईची, आणि ताईच्या पलीकडे लगेच भिंत. मी शिष्टाचार म्हणून भाऊजींच्या बाजूला, अगदी कडेला, आडवा झालो. गादी जुनी, मूळ गादीवाल्याकडूनच आलेली. डोळा लागला.

जाग आली तेव्हा मी ताईच्या जागी होतो. सरकलो कधी, कळलं नव्हतं. त्या पलंगावर न सरकण्याचा काही मार्गच नाही. झोपेत अंग आपोआप डावीकडे जातं, आणि भिंतीशी जाऊन थांबतं. नाकासमोर ताईची छोटी फळी होती. तिचा चष्मा, केसांचा एक चाप, अर्धी वापरलेली मलमाची डबी. फळीखाली भिंतीचं लाकूड एका जागी, तळहाताएवढं, काळसर गुळगुळीत झालं होतं. बाकीच्या भिंतीचं पॉलिश जसंच्या तसं.

मी तिथे हात ठेवून पाहिला. हात बरोबर बसला. मग पटकन काढून घेतला.

दारात कळशी घेऊन भाऊजी उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक.

"सरक," ते म्हणाले. "तिकडे नको झोपूस."

मी उठून बसलो. ते कळशी ओट्याखाली ठेवायला वाकले, माझ्याकडे पाठ करून. म्हणाले, "घर सरळ केलं की मी माझ्या जागी राहतो. सकाळपर्यंत हललेलो नसतो."

मी काहीच बोललो नाही. माझ्या आयुष्यात हे फार क्वचित घडलं आहे. ताई असती तर तिने काटेवाल्याला साक्षीला बोलावलं असतं.

शनिवारी भाऊजींनी हत्यारांची पेटी उघडली. एक फळी घेतली, एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने पातळ अशी रंधून काढली, कडेला बोटभर उंचीची पट्टी ठोकली. सकाळभर हेच चाललं होतं. गॅसची शेगडी उचलून त्या फळीवर ठेवली, पाणसळ काढली, बुडबुडा बघितला, मान हलवली. मग पातेलं काठोकाठ भरून उकळलं. एक थेंब सांडला नाही.

"हे कशाला?" मी विचारलं. "उद्या घर चढवलं की शेगडी आपोआप सरळ होईल. ही फळी उलट आड येईल."

"चढवू उद्या," ते म्हणाले. फळी काढली आणि पलंगाखाली, अगदी आत, सरकवून ठेवली.

मला आनंद झाला. भाचीला लगेच फोन करून कळवलं की माझ्या बोलण्याचा परिणाम झाला आहे.

रविवारी सकाळी ठोकळे बाहेर आले. चार महिन्यांत त्यांच्यावर धूळ बसली होती. भाऊजींनी आधी ते फडक्याने पुसले, जसं पाहुण्यापुढे ठेवायचं भांडं पुसतात. मी ते चाकांपुढे लावले. भाऊजी चालकाच्या जागी बसले. मी टेबलाशी बसलो, वाडगं पुढे घेतलं, रेघेपर्यंत पाणी ओतलं. पाणी डाव्या बाजूला रेघेच्या वर चढलं होतं आणि उजवीकडे खाली.

गाडी सुरू झाली. हळूच पुढे गेली. वाडगं थरथरलं.

"बोल की!" झरोक्यातून आवाज आला.

"काय बोलू?"

"पाणी कुठेय?"

"वाडग्यात."

झरोक्यातून उसासा आला. "अरे, रेघेच्या कुठे?"

"अजून वरच आहे. म्हणजे डावीकडे वर. घ्या पुढे. घ्या... घ्या."

माझ्या तोंडून पुढचं वाक्य जवळजवळ निघालं होतं. ट्रक आहे, जावई नाही. मी ते गिळलं. झरोक्यातून मला फक्त त्यांची मान दिसत होती, आणि ती मान एका बाजूला झुकलेली होती, कान झरोक्याकडे करून.

"अजून थोडं. थोडं. थांबा."

"झालं?"

"हो."

"नीट बघ."

पाणी चहूकडून रेघेला टेकलं होतं. "बास," मी म्हणालो.

गाडी बंद झाली नाही. तशीच घरघरत उभी राहिली. ते वाट बघत होते. काय ऐकायची वाट बघत होते ते मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं की मी ते म्हणणार नाही. मी वाडग्याकडे बघत राहिलो. शेवटी त्यांनी किल्ली फिरवली. पाणी स्थिर झालं. भाऊजी मात्र बराच वेळ खाली उतरले नाहीत.

आत आले तेव्हा त्यांनी आधी कपाटांच्या सुतळ्या सोडल्या. दारं जागच्या जागी राहिली. मग पलंगाकडे बघितलं, दुसऱ्याच्या घरातला पलंग बघावा तसं, आणि उशा दोन्हीकडे सारख्या अंतरावर ठेवल्या.

भाची अकराला आली. काही न बोलता टेबलावर पेन्सिल ठेवली. पेन्सिल हलली नाही. तिने ती आडवी ठेवून पाहिली, उभी ठेवून पाहिली, ओट्यावर ठेवली, फळ्यांवर गुडघे टेकून जमिनीवर ठेवली. मग विचारलं, "पाणी कुणी बघितलं?"

"मामाने," भाऊजी म्हणाले.

"याने? याला पेला भरायला सांगितला तरी निम्मा सांडतो."

"सांडलं म्हणून तर कळलं कुठल्या बाजूला जास्त आहे ते," मी म्हणालो.

ती हसली. हसता हसता तिथेच जमिनीवर बसली आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागली. भाऊजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. टापटीप तपासनीस बाई, पण डोक्यावर हात पडला की तोंड पुन्हा सात वर्षांच्या मुलीचं झालं.

"मला वाटलं होतं तुम्ही आता काहीच करणार नाही," ती म्हणाली. "चार महिने झोप नाही मला. डोळे मिटले की हे कललेलं घर दिसतं, आणि तुम्ही त्यात एकटे. आता झोप लागेल, बाबा."

"लागू दे," भाऊजी म्हणाले. "तू झोप."

तिने पायाची पट्टी बदलली. कपाटाखाली हात घालून चार गोळ्या काढल्या; एक पांढरी होती, त्याबद्दल मला एक कटाक्ष मिळाला. ट्रक विकायचा विषय तिने काढलाच नाही. निघताना म्हणाली, "दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येईन. आणि मामा, तूही येत जा. पाणी बघायला."

"येईल तो," भाऊजी म्हणाले. "शिकतोय अजून."

आम्ही दोघं पायरीशी उभे राहिलो. तिची गाडी वजनकाट्याला वळसा घालून गेली. काटेवाल्याने हात केला. उन्हाने निळ्या रंगाखालची अक्षरं वर आणली होती.

मला वाटलं, आता दोन शब्द बोलायला हवेत. प्रसंग तसा होता, आणि वाक्यही जुळून आलं होतं, बऱ्यापैकी मोठं. मी घसा साफ केला.

"भाऊजी," मी म्हणालो, "माणूस शेवटी..."

"ते ठोकळे काढायला ये आधी," भाऊजी चालकाच्या दाराकडे लंगडत जात म्हणाले. "मी गाडी मागे घेतो. मला जरा पडायचंय."